ज्या गावचे पाणी, त्या गावचा सण

"मग, झाले वाटते तुमचे स्वातंत्र्य साजरे?"

पुण्याहून आलेल्या दूरध्वनीवर माझ्या आतेभावाने विचारलेला हा प्रश्न. त्यातील 'तुमचे' या शब्दावर त्याने दिलेला जोर सात समुद्र ओलांडूनही माझ्यापर्यंत नेमका पोहोचला. दिवस होता ४ जुलै २०२४. आदल्याच हिवाळ्यात माझ्या कन्येने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती आणि न्यू जर्सीतील मराठी, गुजराती, तेलुगू शेजार सोडून ती र्‍होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल या लहानशा बंदरगावी राहावयास आली होती. त्या नव्या गावातील पहिला चार जुलै तिने कसा घालवला, याची छायाचित्रे नातेवाइकांत फिरली आणि आतेभावाचा दूरध्वनी आला.

खरे सांगावयाचे तर त्या प्रश्नाने मला राग आला नाही; मी ओशाळलो. कारण चारच आठवड्यांपूर्वी, तेथे पोहोचल्याच्या दुसर्‍या दिवशी, मीही माझ्या मुलीला जवळजवळ हेच ऐकवले होते. तिने भारतीय पारपत्र परत केले, तेव्हा रात्रभर मला झोप लागली नव्हती. आपल्या घटनाकारांनी आणि नागरिकत्वाच्या कायद्याने दुहेरी नागरिकत्व मान्य केलेले नाही, हे मला ठाऊक होते; पण ठाऊक असणे निराळे आणि पोटच्या मुलीच्या हातून ते निळे पुस्तक जाणे निराळे. म्हणून या लेखात ज्या मंडळींशी मी भांडणार आहे, त्यांच्या पहिल्या रांगेत मी स्वतःच उभा आहे, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

गाव आणि त्याचा उत्सव

ब्रिस्टलची लोकसंख्या अवघी बावीस हजारांच्या घरात. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम आकाराच्या तालुक्याच्या गावाएवढी. या गावावर इंग्रजांच्या युद्धनौकांनी १७७५ साली तोफा डागल्या आणि १७७८ साली इंग्रज सैनिकांनी येथील घरे जाळली. युद्ध संपून तह झाला तो १७८३ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७८५ मध्ये, हेन्री वाइट या धर्मोपदेशकाने, जो स्वतः त्या युद्धात लढलेला होता, गावकर्‍यांना एकत्र करून चार जुलै साजरा केला. तेव्हापासून हा उत्सव चालत आला आहे. २०२४ सालचा उत्सव २३९ वा होता. सातत्याने साजरा होणारा अमेरिकेतील सर्वांत जुना स्वातंत्र्योत्सव म्हणून ब्रिस्टलचे नाव त्या देशात सर्वतोमुखी आहे.

उत्सवाचा आरंभ होतो १४ जूनला, त्यांच्या ध्वजदिनी. त्यानंतर तीन आठवडे गावात संगीताचे कार्यक्रम चालतात. ज्या होप स्ट्रीटवरून मिरवणूक जाते, तिच्या मध्यावर इतर रस्त्यांवर असते तशी पिवळी रेघ नाही; तेथे लाल, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे रंगवलेले असतात, आणि ते बाराही महिने तसेच असतात. मिरवणूक सुमारे चार किलोमीटर चालते. हे सारे उभे करते ती गावकर्‍यांची स्वयंसेवी समिती. वर्षभर वर्गणी, वर्षभर बैठका. आणि एक गोष्ट मला विशेष भावली : नोकरी-धंद्यासाठी दूर गेलेला जो मूळ ग्रामस्थ या दिवसासाठी सर्वांत लांबून गावी परततो, त्याचा गाव सत्कार करते. गणपतीला कोकणात परतणार्‍या चाकरमान्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मे महिन्यातच शेजारचे एक निवृत्त शिक्षक माझ्या मुलीच्या दारी आले होते. 'वर्गणी द्या' असे ते म्हणाले नाहीत. 'मिरवणुकीतील वाद्यपथकांची मुले उन्हात चालून दमतात, त्यांना पाणी देण्यासाठी माणसे कमी पडतात. तुम्ही याल का?' एवढेच त्यांनी विचारले. मुलगी हो म्हणाली.

नेमक्या त्याच दिवशी आसपासच्या मराठी कुटुंबांचे एकत्र भोजन ठरलेले होते. पुरणपोळी होती, भावगीतांचा कार्यक्रम होता. मी तिला म्हणालो, "आपली माणसे सोडून तू परक्यांच्या वरातीत पाणी वाटणार?" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, पुण्यात पालख्या येत, तेव्हा तुम्हीच मला हात धरून पाणी वाटायला नेत होता ना? त्या वारकर्‍यांना आपण कुठे ओळखत होतो? आपल्या गावातून जात होते, म्हणून."

मी निरुत्तर झालो. आणि चार जुलैच्या सकाळी, डोक्याला रुमाल बांधून, मीही पाण्याच्या बाटल्यांची पेटी उचलली.

निष्ठा म्हणजे तराजू नव्हे

आता आतेभावाच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती आपल्या घराघरांत आहे. ती अशी की, माणसाच्या अंतःकरणात निष्ठेचा साठा मोजका असतो. त्यातील पावशेर नव्या गावाला दिली तर मातृभूमीच्या वाट्याची पावशेर कमी झाली. ही वाण्याच्या तराजूची भाषा आहे, अंतःकरणाची नव्हे. लेक सासरी गेली, सासरच्या देवघरात दिवा लावू लागली, म्हणून माहेर तुटले असे आपण म्हणतो काय? उलट, जी सासरी नीट नांदत नाही तिच्यामुळे माहेराला खाली पाहावे लागते, असेच आपली समाजरीत सांगत आली आहे.

या समजुतीवरचा उतारा एका संन्याशाने सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात स्वामी विवेकानंद काश्मीरमध्ये होते. सोबत ओली बुल, जोसेफाइन मॅक्लाउड अशा त्यांच्या अमेरिकन शिष्या होत्या आणि भगिनी निवेदिता होत्या. चार जुलै जवळ आला, तेव्हा स्वामीजींनी अमेरिकन शिष्यांना कळू न देता एका ब्राह्मण शिंप्याला गाठले आणि त्याच्याकडून अमेरिकेचा ध्वज शिवून घेतला. त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नौकेवर तो ध्वज आणि हिरव्या पानांच्या डहाळ्या पाहून शिष्या थक्क झाल्या. इतकेच नव्हे, तर त्या दिवसाला उद्देशून स्वामीजींनी एक इंग्रजी कविताही लिहिली. हा सारा प्रसंग निवेदितांनी नोंदवून ठेवला आहे. आणि योगायोग असा की, बेलूर मठात स्वामीजींनी देह ठेवला तो दिवसही चार जुलै, वर्ष १९०२.

हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता. ज्याच्या हृदयात मातृभूमीची वेदना अहोरात्र जळत होती, त्या पुरुषाला दुसर्‍या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा दिवस साजरा करताना आपले काही कमी झाल्यासारखे वाटले नाही. मग पाण्याच्या चार बाटल्या वाटल्याने माझ्या मुलीचे मराठीपण कसे वाहून जाईल?

आणि हे स्वातंत्र्य तरी कोणाविरुद्धचे? १७७३ साली बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात घोषणापत्र संमत झाले, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इकडे मराठ्यांचा आणि कंपनीचा पुरंदरचा तह झाला होता. अमेरिकेचे युद्ध ऐन भरात असताना, जानेवारी १७७९ मध्ये, वडगाव मावळ येथे मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला कोंडून शरण आणले. १७८१ साली यॉर्कटाउन येथे ज्याने शरणागती पत्करली, तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्या उरावर बसला. एकाच सत्तेशी, त्याच वर्षांत, पृथ्वीच्या दोन टोकांना दोन समाज झुंजत होते. त्यांतील एक जिंकला आणि त्याने तो दिवस जपला. त्या जपणुकीचे कौतुक करणे हा मराठी माणसाला कमीपणा कसा?

एकच माप

आता मी वाचकांना एक अप्रिय प्रश्न विचारतो. आपल्या गावात बाहेरून माणूस येतो तेव्हा आपण त्याच्याकडून काय अपेक्षा करतो? त्याने आपली भाषा शिकावी, आपल्या सणांत सामील व्हावे, शिवरायांच्या नावापुढे आदराने मान लववावी, एक मे हा केवळ सुट्टीचा दिवस समजू नये. ही अपेक्षा रास्त आहे. मी स्वतः ती अनेक वेळा लिहून मांडली आहे. 'येथे राहता, येथे कमावता, मग येथले व्हा' हे वाक्य आपण किती ठसक्यात उच्चारतो! मग आपली मुले जेथे राहतात, जेथे कमावतात, तेथे हे वाक्य आपण गिळून का टाकतो? घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा व्यवहार बाजारात चालत नाही. तो नीतीत कसा चालावा?

संजाण बंदरावर उतरलेल्या पारशांची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. दुधात साखर विरघळावी तसे ते या भूमीत मिसळले. अग्नी जपला, धर्म जपला, पण भाषा येथली घेतली आणि या देशाच्या सुखदुःखाला आपले मानले. पारशांनी आपल्याकडे केले ते आदर्श, आणि तेच आपल्या मुलांनी तिकडे केले तर परकेपणा, हे कोणते तर्कशास्त्र?

ब्रिस्टलमध्येच याचे दुसरे उदाहरण पाहावयास मिळाले. त्या गावात पोर्तुगीज वंशाची वस्ती बरीच आहे. रबराच्या कारखान्यात काम करण्यासाठी त्यांचे पूर्वज आले. गोमंतकाच्या इतिहासामुळे 'पोर्तुगीज' हा शब्द ऐकताच मराठी माणसाच्या कपाळावर आठी पडते, माझ्याही पडली. परंतु या साध्या कष्टकरी लोकांनी आपले गोड पाव, आपल्या मिरवणुका, आपले देव सांभाळले आणि चार जुलैला ते गावाबरोबर रस्त्यावर उतरले. गावानेही त्यांना 'तुमचा सण' आणि 'आमचा सण' अशी विभागणी करावयास लावली नाही. आज त्या गावातून त्यांना वेगळे काढावयाचे म्हटले तर गावच उरणार नाही.

जोडून आलेली सुट्टी

दुसरी एक मंडळी आहे. ती आतेभावाप्रमाणे रागावत नाही. तिला मुळी काही वाटतच नाही. परदेशस्थ भारतीयांपैकी पुष्कळांसाठी चार जुलै म्हणजे जोडून आलेली सुट्टी, दुकानांतील सवलती, मागच्या अंगणातील भोजन आणि रात्रीचे शोभेचे दारूकाम. बृहन्महाराष्ट्र मंडळाची द्वैवार्षिक अधिवेशने हा उत्तर अमेरिकेतील मराठी माणसाचा मोठा सोहळा. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने मराठी नाटक, मराठी गाणे आणि मराठी शाळा तिकडे जिवंत ठेवण्यासाठी जे केले, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. सर्वांना सुट्टी असते म्हणून ही अधिवेशने अनेकदा चार जुलैच्या आगेमागे भरतात, हेही समजण्यासारखे आहे. २०१३ चे अधिवेशन तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रॉव्हिडन्स येथे, म्हणजे ब्रिस्टलपासून मोटारीने अर्ध्या तासावर भरले होते. माझ्या मनात आले, त्या हजारो मराठी माणसांपैकी एखादे लेझीम पथक, एखादे ढोल पथक होप स्ट्रीटवरून चालले असते तर? गावाने टाळ्यांचा कडकडाट केला असता. आणि आपल्या मुलांना कळले असते की, मराठीपण ही बंद सभागृहात जपावयाची वस्तू नाही. ते रस्त्यावर, शेजार्‍यांच्या देखत, मिरवता येते.

शिवाय ज्या नागरिकत्वाला आज आपण 'सोयीचा कागद' म्हणतो, ते आपल्या आधीच्यांना सोयीने मिळालेले नाही. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचे काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगई यांनी त्या अपमानापायी १९२८ साली मृत्यूला कवटाळले. पुढे २ जुलै १९४६ रोजी कायदा बदलला, तोही वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना प्रवेश देण्यापुरता. त्यानंतर १९४९ साली दलीपसिंग सौंद नागरिक झाले. कॅलिफोर्नियातील वेस्टमोरलंड या छोट्या गावाने त्यांना आपला न्यायाधीश निवडले आणि १९५६ साली ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. गावाने त्यांना आपले मानले, कारण ते गावात केवळ राहत नव्हते. ते गावचे झाले होते. आज सुखाने स्थिरावलेल्या आपल्या मुलाबाळांनी या दिवशी निदान एवढे तरी स्मरावे.

आणि शपथ ही शपथ असते. दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणार्‍याला आपण देव मानले. जेथे आपण हात वर करून निष्ठेचा शब्द दिला, तेथे मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवणे हे कोणत्या संस्कृतीचे रक्षण?

डाग आणि दिवा

तिसरी मंडळी आहे ती विद्वानांची. कोणत्याही राष्ट्राचा कोणताही उत्सव दिसला की तिला उन्माद दिसतो. तिने मला बजावले, 'ज्या ब्रिस्टलचे गोडवे गाता, ते गुलामांच्या व्यापारावर पोसलेले गाव आहे, हे ठाऊक आहे का?'

ठाऊक आहे. जेम्स डी'वुल्फ हा ब्रिस्टलचा धनिक, पुढे सिनेटचा सदस्य, हा त्या देशातील सर्वांत मोठ्या गुलाम-व्यापार्‍यांपैकी एक होता. गावातील वैभवाच्या काही खुणा त्या पापाच्या पैशाच्या आहेत. परंतु हे जगाला सांगितले कोणी? त्याच घराण्याच्या वंशजांनी २००८ साली माहितीपट काढून आपल्या पूर्वजांचे पाप चव्हाट्यावर मांडले. स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथील भाषणात या उत्सवातील ढोंगावर कोरडे ओढले; पण त्याच भाषणात त्यांनी घोषणापत्रातील तत्त्वांचा गौरवही केला आणि आपल्या राष्ट्राविषयी आशा सोडली नाही. टीका आणि निष्ठा यांचे वैर नाही, हे ज्याने चाबकाचे फटके सोसले त्याने दाखवून दिले. ज्यांनी कधी चटकाही सोसलेला नाही, त्यांना मात्र उत्सवच नकोसा होतो! घराच्या भिंतीवर डाग आहेत म्हणून दिवाळीला पणती लावू नये, असे म्हणणारा माणूस घर स्वच्छ करीत नाही. तो फक्त अंधार वाढवतो.

तेथे सारेच मला रुचले असे नाही. ध्वजाचे चित्र छापलेल्या कागदी रुमालांना लोक हात पुसत होते, ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. ध्वजाविषयीची आपली मर्यादा मला अधिक प्रिय आहे. परंतु त्या रुमालावर नाक मुरडताना मला आपले अंगण आठवले, आणि मुरडलेले नाक सरळ करावे लागले.

आपले अंगण

मी राहतो त्या पुण्यातील गृहसंस्थेत शंभराहून अधिक सदनिका आहेत. दर पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता ध्वजवंदन होते. गेल्या काही वर्षांत मी मोजत आलो आहे : अध्यक्ष, सचिव, दोन निवृत्त सैनिक, सुरक्षारक्षक, झाडलोट करणार्‍या दोन मावशी आणि लाडवाच्या आशेने आलेली काही मुले. वीस डोकी झाली तर खूप झाली. उरलेली संस्था एक तर झोपलेली असते किंवा लोणावळ्याच्या वाटेवर वाहतुकीत अडकलेली असते. आणि ती वाट वडगावावरूनच जाते! ज्या वडगावी कंपनीच्या फौजेने हात टेकले, जेथे महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, तेथून स्वातंत्र्यदिनी शेकडो मोटारी धबधब्याच्या ओढीने निघून जातात. किती माता-पित्यांनी गाडी थांबवून मुलाला सांगितले असेल की, बाळा, येथे उतर, येथे नमस्कार कर?

आपल्याकडे राष्ट्रीय दिन सरकारचा झाला, लोकांचा झाला नाही, हे यातील खरे दुखणे आहे. कलेक्टर कचेरीत ध्वजारोहण, शाळेत प्रभातफेरी, आणि मग सुट्टी. याला आपल्या राज्यकर्त्यांचाही हातभार लागला. स्वतंत्र देशातील सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर राष्ट्रध्वज फडकवता यावा, यासाठी नवीन जिंदल यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात घरोघरी तिरंगा लागला, ते दृश्य डोळ्यांचे पारणे फेडणारे होते. पण घरावर ध्वज लावणे ही सुरुवात आहे. घरातून खाली उतरणे ही पुढची पायरी आहे. ती आपण चढलो आहोत काय?

आणि 'नवे गाव' हे काय फक्त अमेरिकेतच असते? वाकड, हिंजवडी, खराडी येथे राहणारी निम्मी कुटुंबे लातूर, नांदेड, अकोला, जळगाव येथून आलेली आहेत. शेजारी तमिळ आहे, बंगाली आहे, बिहारी आहे. त्यांना आपण कधी दार वाजवून विचारले का, की 'पंधरा ऑगस्टला पाणी वाटायला याल का?' नांदेडहून आलेल्या कुटुंबाच्या मनात १७ सप्टेंबर, मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस, काय जागवतो, हे पुण्याच्या माणसाने कधी ऐकून घेतले का? ऐन उन्हाळ्यातील एक मे, १९६० साली महाराष्ट्र राज्य जन्मले तो दिवस, आपण आंब्याच्या पेट्या आणि महाबळेश्वरची आरक्षणे यांत घालवतो आणि मग म्हणतो, बाहेरून आलेल्यांना महाराष्ट्राविषयी आपुलकी नाही! आपुलकी ही भाड्याच्या करारात लिहून घेण्याची वस्तू नाही. ती कोणीतरी दारी येऊन, काहीतरी काम हाती देऊन, रुजवावी लागते. ब्रिस्टलच्या त्या निवृत्त शिक्षकाने माझ्या मुलीकडून काही मागितले नाही; त्याने तिला काम दिले. काम दिले म्हणजे स्थान दिले.

म्हणून माझे सांगणे अगदी साधे आहे. यंदाच्या पंधरा ऑगस्टला सकाळी दहापर्यंत गाव सोडू नका. ध्वजवंदनाला एकटे जाऊ नका. जिन्यातील सर्वांत नवे बिर्‍हाड सोबत न्या. आपल्या गावात, आपल्या पेठेत, स्वातंत्र्यासाठी कारावास भोगलेली कोणती घरे होती, ते मुलांना दाखवा. आणि तुमची मुले परदेशी स्थिरावली असतील, तर त्यांच्या राष्ट्रीय दिनी दूरध्वनी करून टोमणा मारू नका. अमेरिकेच्या घोषणापत्राचे अडीचशेवे वर्ष म्हणजे २०२६. त्या चार जुलैला आपल्या लेकीसुनांनी नव्या गावच्या रस्त्यावर नऊवारी नेसून उतरण्यास आपण आशीर्वाद द्यायचा की कुजकट प्रश्न, हे ज्याने त्याने ठरवावे.

मराठी माणसाचा त्या देशाशी संबंध काही आजचा नाही. जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, त्या घोषणापत्राच्याच फिलाडेल्फिया नगरात. साडी सोडली नाही, आचार सोडला नाही. पुण्यात त्यांचा देह पडला, तेव्हा त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवून घेतला. परक्या कुळाने आपल्या मातीत जागा द्यावी, इतकी आपली लेक त्या घरची झाली होती. आणि तरीही ती शेवटपर्यंत आपलीच राहिली.

आतेभावाला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते, आज देतो. होय, झाले आमचे स्वातंत्र्य साजरे. दुपारपर्यंत पेटीतील सगळ्या बाटल्या संपल्या होत्या. ढोल वाजवून घामाघूम झालेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा माझ्या हातून पाणी घेऊन घटाघटा प्यायला आणि धन्यवाद म्हणून पुढे धावला. माझ्या सात वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजोबा, पुण्याला पण असे करतात?"

मी हो म्हणालो. पालख्यांच्या दिवसांपुरते ते खरे होते. पंधरा ऑगस्टपुरते ते खरे करून दाखवणे आता तुमच्या-माझ्या हाती आहे.